पॅरिसची बंद पडलेली गोल रेल्वे: प्रत्येक वळणावर काय ठरवलं आणि त्याचं पुढे काय झालं

पॅरिसला जाऊन आलेल्या बऱ्याच लोकांना माहीतच नसतं की शहराच्या कडेकडेने, उंच इमारतींच्या मागून, एक अख्खी डबल लाईन फिरते आणि तिच्यावरून गेली कित्येक वर्षं नियमित गाडी धावलेली नाही. नाव पेतीत सँत्यूर, म्हणजे छोटा कंबरपट्टा. पूर्ण गोल होती तेव्हा साधारण ३२ किमी. त्यातले सुमारे २३ किमी आजही रेल्वेच्याच मालकीचे आहेत, बऱ्याच ठिकाणी रूळ जागेवर आहेत, बोगदे आहेत, जुनी स्टेशनं आहेत. शहरातली एवढी मोठी, सलग, रिकामी जागा हातात असताना तिचं करायचं काय हा प्रश्न पॅरिसला शंभर वर्षांत तीन-चार वेळा पडला आणि दर वेळी उत्तर वेगळं आलं, म्हणून मला हे प्रकरण नीट मांडावंसं वाटलं. यात कोण्या एका माणसाची चूक शोधायची नाहीये, निर्णय कुठे घेतले गेले आणि कुठे नुसते पुढे ढकलले गेले तेवढंच बघायचंय.

पार्श्वभूमी

१८३७ पासून पॅरिसला रेल्वे येत गेली ती वेगवेगळ्या खाजगी कंपन्यांची. प्रत्येकीचं आपलं टर्मिनस, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मुंबईत जीआयपी आणि बीबीसीआय या दोन कंपन्यांनी आपापली स्टेशनं वेगळी बांधली तसंच, फक्त इथे कंपन्या दोनाहून जास्त. उत्तरेकडून आलेला माल दक्षिणेला पाठवायचा तर तो एका स्टेशनात उतरवून घोडागाडीत घालून शहराच्या गर्दीतून दुसऱ्या स्टेशनावर न्यायचा. त्यात भर म्हणजे १८४१ ते १८४४ मध्ये शहराभोवती नवी तटबंदी बांधली होती, तिला दारूगोळा आणि सैनिक पोचवायला आतून एक रस्ता हवाच होता. म्हणजे माल आणि लष्कर, या दोन कारणांसाठी ही रेल्वे जन्माला आली. प्रवासी हे कारण त्यात नव्हतं, आणि ही गोष्ट शेवटपर्यंत लक्षात ठेवावी लागते कारण पुढचं बरंचसं त्यातूनच निघतं.

राष्ट्राध्यक्ष लुई नेपोलियनने २ डिसेंबर १८५१ ला सत्ता हातात घेतली आणि त्याच महिन्यात या लाईनचा हुकूम निघाला. कंपन्या आपापसात कधीच एकत्र आल्या नसत्या, सरकारने त्यांना एका सिंडिकेटमध्ये बांधलं. डिसेंबर १८५२ मध्ये सीन नदीच्या उजव्या तीरावरचा पहिला तुकडा मालगाड्यांसाठी सुरू झाला. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी एप्रिल १८५३ ला निघाली, म्हणजे चारच महिन्यांचं अंतर.

पश्चिमेला पेरेर बंधूंनी १८५४ मध्ये सँ लाझार स्टेशन ते ओतोय अशी प्रवासी लाईन काढली ती वेगळी. डाव्या तीरावरचा भाग १८६७ मध्ये झाला, त्या वर्षी मोठं जागतिक प्रदर्शन होतं त्याची घाई होती, आणि १८६९ पर्यंत सगळे तुकडे जुळून गोल पुरा झाला. मधल्या काळात, जुलै १८६२ पासून, उजव्या तीरावर प्रवासी गाड्याही सुरू झाल्या होत्या. याचं कारण असं की १८६० मध्ये पॅरिसने तटबंदीच्या आतली सगळी गावं शहरात ओढून घेतली, २० वॉर्ड झाले, आणि जी लाईन शेतांतून, वाड्यांतून जात होती ती एकदम शहराच्या पोटात आली.

पुढची तीस वर्षं या लाईनची भरभराटीची. १८७० मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला तेव्हा तिने सैनिक आणि तोफा वाहिल्या. ला व्हिलेतच्या कत्तलखान्यात जनावरं, कारखान्यांना कोळसा, सगळं हिच्यावरून. इंग्लंडसमोरच्या कॅले बंदराहून दक्षिणेला जाणारे थेट डबे गार दु नोर या स्टेशनातून गार द लियों या स्टेशनाला याच लाईनवरून ओढून नेत, मग मार्सेय बंदरात बोट पकडून मुंबईला निघालेले लोकही त्यात असत. १८८९ च्या प्रदर्शनाआधी रस्त्यावरची सगळी फाटकं काढून टाकली, लाईन कुठे उंच पुलावर चढवली तर कुठे खोल चरात उतरवली. त्या काळासाठी हे फार मोठं काम होतं आणि गाड्या वाढवण्यासाठी ते गरजेचंही होतं, पण त्यामुळे प्रत्येक स्टेशनला जिने आले, रस्ता आणि फलाट यांचा थेट संबंध तुटला, आणि हेच जिने पुढे शंभरहून जास्त वर्षं प्रत्येक चर्चेत आडवे येत राहिले.

१९०० हे प्रदर्शनाचं वर्ष, त्या एका वर्षात सुमारे ३ कोटी ९० लाख प्रवासी. हा तिचा उच्चांक. आणि त्याच वर्षी, १९ जुलैला, मेट्रोची पहिली लाईन सुरू झाली.

अडचण नेमकी काय होती

सहसा असं सांगितलं जातं की मेट्रो आली आणि गोल रेल्वे मेली. खरं आहे पण अर्धंच. मेट्रो कशी आली ते बघायला पाहिजे.

मेट्रो काढायची यावर वीस-पंचवीस वर्षं भांडण चालू होतं. सरकार आणि रेल्वे कंपन्यांना वाटत होतं की नवीन भुयारी लाईनी मोठ्या रेल्वेला जोडलेल्या असाव्यात, म्हणजे बाहेरगावची गाडी थेट शहराच्या मध्यात येईल. पॅरिस महापालिकेला हे अजिबात नको होतं, त्यांना शहराच्या लोकांसाठी शहराच्या ताब्यातली वाहतूक हवी होती, आणि कंपन्यांच्या हातात आपलं शहर द्यायचं नव्हतं. महापालिका जिंकली. इंजिनिअर फ्युल्जांस बियांव्हेन्यू यांनी जी मेट्रो बांधली तिचे रूळ रेल्वेइतकेच रुंद पण डबे फक्त २.४० मीटर रुंद आणि बोगदे त्या मापाचे, त्यामुळे मोठ्या रेल्वेची गाडी आत शिरूच शकत नाही. फ्रान्सची रेल्वे डावीकडून चालते, मेट्रो उजवीकडून. हे सगळं ठरवून केलेलं होतं आणि महापालिकेच्या बाजूने बघितलं तर मला ते चूकही वाटत नाही, शहराला स्वतःची वाहतूक स्वतः ठरवायचा हक्क होता.

पण त्याची किंमत गोल रेल्वेने मोजली. ती कंपन्यांची, मेट्रो शहराची, तिकीट वेगळं, स्टेशनं वेगळी, एकातून दुसरीत जायला बाहेर पडून चाला. मेट्रोत सेकंड क्लासला १५ सांतीममध्ये (१०० सांतीम म्हणजे एक फ्रँक) कुठूनही कुठेही, विजेवर, दर काही मिनिटांनी. इकडे वाफेचं इंजिन, लांब बोगद्यात धूर, आणि लाईन शहराच्या अगदी कडेने. १९०९ पर्यंत मेट्रोचाही गोल झाला, आजच्या २ आणि ६ नंबरच्या लाईनी, आणि तो गोल आतल्या बाजूने होता, जिथे लोकांना खरं जायचं असतं तिथून.

कंपन्यांनी मग काय केलं? जवळपास काहीच नाही. त्यांचा खरा पैसा मालवाहतुकीत होता, प्रवासी कमी झाले तर मालगाड्यांना उलट जागा मोकळी. ओतोयची लाईन १९२० च्या दशकात विजेवर आली, पण बाकीच्या गोलावर प्रवासी गाड्यांना शेवटपर्यंत वाफच राहिली. जुलै १९३४ मध्ये ओतोय सोडून सगळीकडे प्रवासी गाड्या बंद झाल्या आणि त्याऐवजी पीसी नावाची बस आली. ही बस तटबंदीच्या आतल्या जुन्या लष्करी रस्त्यावरून, आजच्या मारेशो बुलवारांवरून (बुलवार म्हणजे रुंद रस्ते) धावायला लागली. ही बस नीट लक्षात ठेवा.

पुढची पन्नास वर्षं: कोणीच न घेतलेला निर्णय

१९३४ नंतर लाईन मालगाड्यांसाठी चालू होती. युद्धात तिचा एक प्रसंग पॅरिसचे लोक आवर्जून सांगतात, २३ ऑगस्ट १९४४ ला ब्यूत शोमों बागेजवळच्या बोगद्यात फ्रेंच भूमिगत सैनिकांनी जर्मन गाडी अडवून पकडली, त्या तुकडीचं नेतृत्व करणाऱ्या मादलेन रिफो त्या दिवशी २० वर्षांच्या झाल्या होत्या.

युद्धानंतर माल हळूहळू ट्रकवर गेला. आणि मग ज्या गिऱ्हाइकांसाठी लाईन होती तेच गेले. ला व्हिलेतचा कत्तलखाना १९७४ ला बंद, वोजिरारचा कत्तलखाना आणि जावेलचा सित्रोएन कारखाना त्याच दशकात, आता तिथे बागा आहेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नियमित मालगाड्याही थांबल्या.

या काळात एक गोष्ट झाली जिच्यामुळे मला सगळ्यात वाईट वाटतं. पश्चिमेला सीनवर दोन मजली सुंदर पूल होता, खाली रस्ता वर रेल्वे, ओतोयचा व्हायाडक्ट. तो पाडला आणि तिथे १९६६ मध्ये गारिल्यानो पूल आला, नुसत्या रस्त्याचा. पूल जुना झाला होता, मोटारी वाढत होत्या, त्या वेळी कोणाला त्यात फार मोठं काही वाटलं नसणार. पण त्या दिवसापासून गोल हा गोल राहिला नाही आणि पुढे कोणी काहीही ठरवलं तरी गाडी पूर्ण फेरी मारू शकणार नाही हे नक्की झालं. एवढा मोठा परिणाम करणारा निर्णय रस्त्याच्या कामातला एक भाग म्हणून घेतला गेला.

याच्या उलट उदाहरण ओतोय लाईनचं. ती १९८५ मध्ये बंद झाली, पण जागा शाबूत ठेवली होती म्हणून तीनच वर्षांनी, १९८८ मध्ये, तिचा पेरेर ते आव्हेन्यू आंरी मार्तां हा तुकडा आरईआर सी या उपनगरी लाईनमध्ये घेता आला. आज तिथून रोज गाड्या धावतात.

कोणते पर्याय समोर होते

१९९० च्या दशकात प्रश्न पुन्हा टेबलावर आला कारण शहराच्या कडेच्या वॉर्डांत लोकवस्ती भरपूर, पीसी बस खचाखच आणि ट्रॅफिकमध्ये अडकलेली. लोकांचं पहिलं म्हणणं साहजिकच होतं की अरे लाईन तर तयारच आहे, रूळ आहेत, तिच्यावरच ट्राम किंवा लोकल चालवा. यासाठी संघटना होत्या, सभा झाल्या, नकाशे काढले गेले, आणि त्यांचा मुद्दा हलका नव्हता. वेगळी लाईन म्हणजे सिग्नल नाहीत, ट्रॅफिक नाही, वेग मिळतो.

दुसरा पर्याय बुलवारांवरच ट्राम, म्हणजे पीसी बसच्याच रस्त्यावर. तिसरा, लाईन बागेसाठी द्यायची. बागेचं उदाहरण पॅरिसमध्येच होतं, बास्तीयहून निघणारी जुनी व्हँसेनची लाईन रूळ काढून १९९३ मध्ये हिरवी पायवाट झाली होती, ४.७ किमी, आणि तीच पुढे न्यूयॉर्कच्या हाय लाईन या जुन्या रेल्वेवरच्या बागेसाठी नमुना ठरली. चौथा पर्याय काहीच न करणं, आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं तोच चालू होता.

महापालिकेने आणि प्रादेशिक सरकारने बुलवारांवरची ट्राम निवडली. गोल रेल्वेवर ट्राम आणायची तर प्रत्येक स्टेशनला लिफ्ट लागणार कारण १८८९ च्या त्या कामामुळे लाईन एकतर वर नाहीतर खाली, मेट्रोची स्टेशनं बुलवारांवर, जुन्या तटबंदीचे दरवाजे होते त्या जागांपाशी आहेत आणि गोल रेल्वे बऱ्याच ठिकाणी त्यांना न भेटता थोडी आतून जाते, बोगद्यातून आणि चरातून जाणाऱ्या गाडीला दोन स्टेशनांच्या मधे कोणी चढू शकत नाही, आणि लाईनला खेटून उभ्या इमारतींतल्या लोकांना शांततेची सवय झालेली. आणखी एक मोठं कारण, शहराला मोटारींची जागा कमी करायचीच होती. ट्राम रस्त्यावर आणली की मोटारींच्या लेन आपोआप जातात, गोल रेल्वेवर नेली तर रस्ता होता तसाच राहतो.

मला वाटतं हा निर्णय बरोबर होता. ज्यांनी गोल रेल्वेसाठी जीव तोडून काम केलं त्यांच्याबद्दल आदर ठेवून म्हणतो, कारण लोक जिथे आधीच बससाठी उभे राहतात तिथे गाडी नेणं यात शहाणपण होतं. १९३४ मध्ये बसने जो रस्ता धरला त्याभोवती सत्तर वर्षांत दुकानं, शाळा, मेट्रोची टोकं सगळं बसलं होतं. २००० साली ठरवायला बसलेल्यांच्या हातात फार काही उरलेलं नव्हतं, म्हणून मी म्हटलं ती बस लक्षात ठेवा.

काय केलं

डिसेंबर २००६ मध्ये टी३ ट्राम गारिल्यानो पूल ते पोर्त दिव्री अशी सुरू झाली, ७.९ किमी, १७ थांबे, बऱ्याच ठिकाणी रुळांमध्ये हिरवळ. २०१२ आणि २०१८ मध्ये ती वाढत गेली आणि २०२४ मध्ये पोर्त दोफीनपर्यंत पोचली. आज शहराच्या कडेचा बराच मोठा भाग तिने जोडलाय, पण पश्चिमेची बाजू अजून राहिलीय.

त्याच २००६ मध्ये शहर आणि रुळांची मालक असलेली सरकारी कंपनी यांच्यात गोल रेल्वेबद्दल करार झाला, आणि २०१५ मध्ये नवा. या करारातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी अट अशी की शहर लाईनवर बाग करू शकतं, पायवाट करू शकतं, पण पुन्हा रेल्वे आणायची वेळ आली तर ते सगळं काढता आलं पाहिजे. रूळ उखडायचे नाहीत, पक्कं बांधकाम करायचं नाही, लाईनचा सलगपणा मोडायचा नाही.

१५ व्या वॉर्डात ऑगस्ट २०१३ मध्ये १.३ किमीचा तुकडा उघडला. रूळ तसेच, त्यांच्या बाजूने आणि काही ठिकाणी वरून चालायची वाट, लिफ्टची सोय, आणि बाजूला रानटी झुडपं मुद्दाम वाढू दिलेली. मग १२ व्या, १३ व्या, १४ व्या, २० व्या वॉर्डांत एकेक तुकडा. ओतोय ते ला म्युएतचा भाग आधीच निसर्गवाट झाला होता, तिथे मात्र रूळ राहिलेले नाहीत. जुनी स्टेशनंही कामाला आली, ओर्नानो स्टेशनात २०१४ पासून रिसायकलिंगचं वर्कशॉप आणि कॅफे आहे, बाकी काही स्टेशनांत रेस्टॉरंट, काही ठिकाणी गाण्याचे कार्यक्रम. बोगद्यांत वटवाघळं राहतात म्हणून काही बोगदे लोकांसाठी बंदच ठेवलेत, हे मला फार आवडलं.

निकाल

ज्यांच्या घरामागे आधी कुलूप लावलेलं फाटक आणि कचरा होता त्यांना आता मुलांना घेऊन जायला बाग मिळाली. शहराला दाट वस्तीत हिरवा पट्टा मिळाला जो दुसरीकडे कुठे पैसे देऊनही मिळाला नसता. आणि रेल्वेची वाट, पश्चिमेचा तुटलेला भाग सोडला तर, अजून जिवंत आहे.

पण सगळं चांगलं झालं असं म्हणता येणार नाही. बागा तुकड्यातुकड्यांत आहेत, एका वॉर्डातून दुसऱ्यात लाईनवरून चालत जाता येत नाही, संध्याकाळी फाटक बंद. आणि जिथे बाग नाही तिथे वर्षानुवर्षं काहीच नाही. उत्तरेला पोर्त द क्लिन्यांकूरच्या बाजूला रुळांवर रोमा या युरोपातल्या उपेक्षित समाजाच्या कुटुंबांची मोठी झोपडवस्ती उभी राहिली, २०१६ च्या सुरुवातीला पोलिसांनी ती हटवली. ती माणसं तिथे का आली, तर शहरात त्यांना दुसरी जागा नव्हती आणि ही जागा कोणाचीच वाटत नव्हती. मालक एक, वापरणारा दुसरा, अशा करारात हे होतं, जोपर्यंत बाग होत नाही तोपर्यंत शहर म्हणतं जागा रेल्वेची, रेल्वे म्हणते आम्हाला तूर्त गरज नाही.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते सगळ्यात महागात पडलेली वर्षं म्हणजे १९०० ते १९१४. तेव्हा प्रवासी अजून होते. मेट्रोचे बोगदे वेगळ्या मापाचे असले तरी तिकीट एक करायला कोणतंही माप आड येत नव्हतं, आणि जिथे दोन्ही लाईनी जवळ येतात तिथे जोडणारा जिना किंवा पूल बांधायला फार पैसा लागला नसता. वीज नंतर आणली असती तरी चाललं असतं. पण महापालिका आणि कंपन्या एकमेकांशी बोलायलाच तयार नव्हत्या आणि १८५१ सारखं त्यांना जबरदस्तीने एकत्र बसवणारं सरकार या वेळी मधे पडलं नाही.

दुसरं, सीनवरचा पूल पाडताना वरच्या मजल्याच्या बदल्यात निदान नव्या पुलाच्या पायात पुढे रेल्वे बसवता येईल एवढी सोय ठेवायला हवी होती. १९८८ मध्ये ओतोय लाईनचं जे झालं ते बघितलं की समजतं, बंद लाईन तीन वर्षांत पुन्हा उपयोगी पडू शकते, पण वाट शिल्लक असेल तरच.

तिसरं आजचं. रूळ ठेवायची अट योग्य आहे, मी तिच्या पूर्ण बाजूने आहे, व्हँसेनच्या लाईनसारखं सगळं कायमचं बागेला देऊन टाकलं नाही हे बरंच झालं. पण करारात जोडीला तारीख हवी होती. अमुक वर्षापर्यंत रेल्वेने सांगावं की हा तुकडा मालवाहतुकीला किंवा प्रवाशांना लागणार आहे का, नसेल तर तो त्या दिवसापासून शहराने सांभाळायचा, दिवे, सफाई, राखण सगळं, बाग तयार व्हायची वाट न बघता. उत्तरेच्या तुकड्यांवर हे झालं असतं तर तिथली कुटुंबं पोलीस येईपर्यंत कोणाच्याच यादीत नव्हती असं झालं नसतं, निदान कोणत्या ऑफिसचं दार वाजवायचं हे त्यांना आणि शेजाऱ्यांनाही माहीत असतं.